टाइप कोर्सचे पैसे भरण्याआधी आणि भरल्यानंतर : विदर्भातल्या नव्या एएमईंसाठी

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली. नागपूरच्या मिहानमध्ये त्याच्या बऱ्याच आधीपासून मोठ्या जेट विमानांच्या देखभालीचे हँगर आहेत. त्यामुळे आर्वी, दर्यापूर, ब्रह्मपुरीकडच्या घरांतही ‘एएमई’, म्हणजे विमान देखभाल अभियंता, हा शब्द आता पोचला आहे. सोबत एक अर्धवट माहितीही पोचली आहे : एअरबस ए३२० चा टाइप कोर्स, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण, करा, नोकरी ठेवलेलीच आहे. वावर गहाण ठेवून हा कोर्स करणारी पोरं वर्गात क्वचितच अडकतात. ती अडकतात वर्ग संपल्यावर, कारण प्रॅक्टिकल कोणत्या विमानावर होणार आणि ओजेटी (कामावरचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) कोण देणार, हे पैसे भरताना कुणी विचारलेलंच नसतं.

आधी लायसन्स, मग टाइप

एएमईचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारची नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था, देतं आणि त्याचे नियम सीएआर-६६ या नियमावलीत आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी, मग सीएआर-१४७ ची (प्रशिक्षण संस्थांच्या नियमावलीची) मान्यता असलेली संस्था, मॉड्यूलच्या परीक्षा (पास व्हायला ७५ टक्के) आणि चालू विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभव, असा बेसिक लायसन्सचा रस्ता आहे. प्रवासी जेटवर काम करायचं तर दोन शाखा महत्त्वाच्या. बी१.१ वाल्याकडे विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल सिस्टिम. बी२ वाल्याकडे एव्हिऑनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स) आणि इलेक्ट्रिकल.

बेसिक लायसन्स मिळालं म्हणून ए३२० उडायला योग्य आहे अशी सही करून सोडता येत नाही. मोठ्या विमानाचं नाव लायसन्सवर स्वतंत्रपणे चढवावं लागतं, तेही इंजिनासह. यालाच टाइप रेटिंग म्हणतात. ए३२० कुटुंबात सीएफएम५६, व्ही२५००, लीप-१ए आणि पीडब्ल्यू११००जी अशी वेगवेगळी इंजिनं येतात. सीएफएम५६ वर रेटिंग असलेल्याला लीपचं विमान आपोआप मिळत नाही, त्यासाठी फरकाचा कोर्स करावा लागतो. बोइंग ७३७ मध्येही तसंच : जुन्या एनजीला सीएफएम५६-७बी, मॅक्सला लीप-१बी.

रेटिंग चढलं तरी शेवटची पायरी उरतेच. ज्या सीएआर-१४५ कंपनीत (देखभालीची मान्यता असलेल्या कंपनीत) काम करणार, तिचं ऑथरायझेशन मिळाल्याशिवाय सही करता येत नाही.

बेसिक लायसन्स हातात नसताना स्वखर्चाने टाइप कोर्स करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रेटिंगसाठी अर्ज करताना थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही मागच्या ३ वर्षांत सुरू होऊन पूर्ण झालेले असावे लागतात. मॉड्यूल राहिले, लायसन्स लांबलं, की प्रमाणपत्र कपाटातच जुनं होतं आणि पैसेही गेलेले असतात.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

संस्थेच्या ऑफिसात जाऊन तोंडी विचारू नका. ई-मेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

पहिली गोष्ट, संस्थेची मान्यता नेमक्या कोणत्या विमान-इंजिन जोडीची आहे. ‘आमच्याकडे ए३२० आहे’ हे अपुरं उत्तर आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या डीजीसीएच्या संकेतस्थळावर असतात, तिथे स्वतः पाहा. सीएआर-६६ ची चालू आवृत्तीही तिथेच मिळते, तीही उतरवून ठेवा.

दुसरी, कोर्स फक्त थिअरीचा आहे की थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींचा. स्वस्त दिसणारे कोर्स बहुतेक वेळा फक्त थिअरीचे असतात. तिसरी, प्रॅक्टिकल कोणत्या हँगरमध्ये आणि कोणत्या महिन्यात. ‘बॅच भरली की सांगू’ असं उत्तर आलं तर थांबा.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुखणारी आहे. तुमच्या शाखेतलं हे पहिलंच टाइप रेटिंग असेल तर थिअरी आणि प्रॅक्टिकलखेरीज ओजेटी, म्हणजे चालू देखभालीत मेंटरच्या देखरेखीखाली केलेलं काम, लागतंच. ते सीएआर-१४५ कंपनीतच होतं आणि वर्ग चालवणारी संस्था ते देईलच असं नाही. मिहानमध्ये हँगर आहेत म्हणून ते बाहेरच्या कोणालाही ओजेटी देतील, असा अर्थ काढू नका. म्हणूनच शक्य असेल तर आधी टेक्निशियन म्हणून नोकरीला लागणं आणि कंपनीच्या खर्चाने, बाँड लिहून देऊन, टाइप करणं हा गावाकडच्या मुलासाठी जास्त सुरक्षित मार्ग आहे. बाँड किती वर्षांचा, मधेच सोडल्यास किती रक्कम आणि ती दर वर्षी कमी होते की नाही, एवढं वाचून मग सही करा.

मध्यस्थ टक्केवारी मागत असेल तर त्याच्याशी बोलणंच बंद करा. डीजीसीएच्या यादीत मध्यस्थ नसतो.

कोर्सच्या आधीचे दोन महिने

मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वात जास्त धास्ती इंग्रजीची असते, आणि ती थोडी चुकीच्या जागी असते. विमानांची मॅन्युअल ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाच्या मुद्दाम आखडून घेतलेल्या इंग्रजीत लिहितात. तिच्या शब्दकोशात मान्य केलेले सर्वसाधारण शब्द सुमारे ९००, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. वाक्यं छोटी, आज्ञार्थी. कादंबरी वाचता येत नसली तरी मॅन्युअल वाचता येतं. रोज दोन पानं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक पायरी मराठीत सांगून पाहा. तीन खुणा मात्र डोक्यात पक्क्या हव्यात : ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला इजा किंवा मृत्यू, ‘कॉशन’ म्हणजे सामानाचं नुकसान, ‘नोट’ म्हणजे जास्तीची माहिती. पहिल्या दोन्ही त्या पायरीच्या आधी छापतात. कारण उघड आहे, नंतर वाचून उपयोग नसतो.

इंग्रजी बोलणं ही वेगळी बाब आहे. शिफ्ट बदलताना काम तोंडी आणि लेखी सोपवावं लागतं, आणि समोरचा केरळचा किंवा पंजाबचा असू शकतो. त्याचा सराव करा.

एटीए चॅप्टरचे, म्हणजे मॅन्युअलमधल्या सिस्टिमवार प्रकरणांचे, आकडे पाठ करा, हे पाठांतर खरंच उपयोगी आहे. २१ एअर कंडिशनिंग, २४ वीज, २६ आग, २७ फ्लाइट कंट्रोल, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ३४ नेव्हिगेशन, ३६ न्यूमॅटिक (दाबाची हवा), ४९ एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), ७० च्या पुढे इंजिन. एअरबस असो की बोइंग, हे आकडे तेच राहतात. टास्क नंबरात पुढे कामाचा प्रकारही असतो : ००० काढणे, २०० तपासणी, ४०० बसवणे, ६०० सर्व्हिसिंग, ७०० चाचणी. हे एकदा बसलं की ए३२० च्या मॅन्युअलमध्ये ३२-४१ ने सुरू होणारा आणि पुढे ४०० असलेला नंबर दिसताच चाक बसवण्याचं काम आहे हे कळतं.

थिअरी : १५० तास म्हणजे काय

ज्या विमानाचं कमाल टेकऑफ वजन ३०,००० किलोच्या वर आहे, त्याच्या बी१.१ थिअरीला किमान १५० तास आणि बी२ ला १०० तास ठरवून दिले आहेत. ५,७०० ते ३०,००० किलोच्या गटात बी१.१ ला १२० तास. बेलोऱ्याला उतरणारं एटीआर ७२ सुमारे २३ टनांचं, म्हणून ते या दुसऱ्या गटात. तास म्हणजे पूर्ण ६० मिनिटांचं शिकवणं. चहा-जेवणाची सुटी आणि परीक्षा त्यात धरत नाहीत. दिवसाला साधारण ६ तास धरले तर १५० तासांना २५ दिवस लागतात. हजेरी किमान ९० टक्के हवी. पेरणीसाठी किंवा लग्नासाठी आठवडाभर गावी जाऊन येण्याची सोय यात नाही, घरी हे आधीच सांगून ठेवा.

प्रत्येक विषय १, २ किंवा ३ (सर्वात खोल) या पातळीवर शिकवतात. हायड्रॉलिक बी१ ला पातळी ३, बी२ ला २, ऑटोफ्लाइट उलट. परीक्षेत पर्याय तीन, एका प्रश्नाला सरासरी ९० सेकंद, दर तासाच्या शिकवणीमागे किमान एक प्रश्न, पास ७५ टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही.

प्रश्नसंच पाठ करून ही परीक्षा निघते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तसा पास झालेला माणूस पहिल्याच नाइट शिफ्टला उघडा पडतो. त्यापेक्षा प्रत्येक सिस्टिमचं चित्र कोऱ्या कागदावर काढा आणि त्यावर बोट ठेवून सांगा : ताकद कुठून येते, ती काय चालवते, कॉकपिटमध्ये काय दिसतं, बंद पडलं तर जागा कोण घेतं, आणि जमिनीवर काम करताना ती कोणाचा जीव घेऊ शकते.

ए३२० चं हायड्रॉलिकच घ्या. ग्रीन, ब्लू, यलो अशा तीन सिस्टिम, दाब ३,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड). ट्रॅक्टरची लिफ्ट उघडून पाहिलेल्याला पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर हे गणित नवीन नाही. नवीन आहे ती बदलीची व्यवस्था. ग्रीनचा पंप १ नंबरच्या इंजिनावर, यलोचा २ नंबरच्या. ब्लूला इलेक्ट्रिक पंप, आणि मुख्य वीज गेलीच तर पोटाखालून रॅट म्हणजे हवेवर फिरणारा पंखा बाहेर पडून ब्लूला दाब देतो. यलोला शिवाय स्वतःचा इलेक्ट्रिक पंप आणि कार्गो दरवाजासाठी हातपंप. ग्रीन आणि यलोच्या मधे पीटीयू, म्हणजे एकीची ताकद दुसरीला देणारं यंत्र : दोघांत ५०० पीएसआयचा फरक पडला की तो आपोआप फिरू लागतो. तेल इकडून तिकडे जात नाही, फक्त ताकद जाते.

एवढं काढून झालं की शेवटचा प्रश्न विचारा. हँगरमध्ये कोणी यलोचा इलेक्ट्रिक पंप लावला तर काय? पीटीयू बंद केलेला नसेल तर ग्रीनलाही दाब चढू शकतो, आणि लँडिंग गिअर व त्याचे दरवाजे ग्रीनवर आहेत. चाकाच्या खोबणीत डोकं घालून बसलेल्या माणसाला कॉकपिटमधला तो एक स्विच दिसत नाही. म्हणून दरवाजांना सेफ्टी कॉलर, गिअरला लॉक पिन, सर्किट ब्रेकर ओढून त्याला क्लिप आणि टॅग, आणि दाब देण्याआधी खाली माणूस उभा करून मोठ्याने खात्री. चित्र समजलं असेल तर या चार गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत.

एका विमानाची सवय दुसऱ्यावर नेऊ नका. बोइंग ७८७ मध्ये हायड्रॉलिक ५,००० पीएसआयचं, मुख्य जनरेटर २३५ व्होल्टचे, आणि केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवरच्या कॉम्प्रेसरने येते. ए३२० वर पाच वर्षं काढलेल्याचा हातसुद्धा तिथे पहिल्यांदा चुकीच्या जागी जातो.

पान बरोबर, पण याच विमानाचं आहे का?

वर्गात याला अर्धा तास मिळतो, आणि नोकरीत मात्र रोजच याच्याशी गाठ पडते. एकाच कंपनीच्या दोन ए३२० मध्ये पंप, व्हॉल्व्ह, संगणक वेगळे असू शकतात. मॅन्युअलच्या प्रत्येक टास्कवर तो कोणत्या विमानांना लागू आहे, म्हणजे इफेक्टिव्हिटी, लिहिलेली असते. टास्क छापण्याआधी विमानाचं रजिस्ट्रेशन टाका, आणि पार्ट मागवताना आयपीसी, म्हणजे भागांचा सचित्र कॅटलॉग, उघडा. आयपीसीत जुन्या-नव्या पार्ट नंबरांची अदलाबदल कोणत्या अटीवर चालते तेही असतं.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची समोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, तो वाचला. उड्डाणाच्या २७ तास आधी काच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ कमी व्यासाचे होते, कारण नवे बोल्ट जुन्याला नजरेने जुळवून घेतले होते. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटच्या ए३३० चं इंधन समुद्रावर संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडून ते अझोर्स बेटांवर घरंगळत उतरलं. बदललेलं इंजिन मॉडिफिकेशनच्या आधीच्या रचनेचं होतं आणि त्यावर नंतरच्या रचनेचे हायड्रॉलिकचे भाग चढवले होते. त्यामुळे हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला घासत राहिली. भाग बसले होते, पण जोडी चुकीची होती.

प्रॅक्टिकल

३०,००० किलोच्या वरच्या विमानाचं प्रॅक्टिकल साधारण दोन आठवड्यांपेक्षा कमी नसावं. कामं सहा प्रकारची असतात : भाग कुठे आहे ते दाखवणं, चाचणी, सर्व्हिसिंग आणि ग्राउंड हँडलिंग, काढणं-बसवणं, एमईएल (कोणता बिघाड ठेवून उडता येतं त्याची यादी) आणि ट्रबलशूटिंग (बिघाड शोधणं). तुमच्या शाखेला लागू असलेल्या यादीतली किमान अर्धी कामं व्हावी लागतात. दहा जणांच्या घोळक्यात मागे उभं राहून वहीत टिक मारून घेणं सोपं असतं. तसं करू नका. काढणं-बसवणं आणि ट्रबलशूटिंग ही दोन कामं स्वतःच्या हाताने मागून घ्या.

नवशिक्यांच्या हातून काय बिघडतं, त्यातलं नेहमीचं सांगतो.

टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा पीळ. मॅन्युअलमध्ये इंच-पाउंड, फूट-पाउंड आणि न्यूटन-मीटर तिन्ही दिसतात. १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड. वाचताना घोटाळा झाला की बोल्टवर बारापट ताण. रेंचवरच्या कॅलिब्रेशन स्टिकरची तारीख आधी बघा. रेंचला पुढे अडॅप्टर जोडला तर लांबी वाढते आणि लावायचा आकडा बदलतो, त्याचं सूत्र मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

तेल. ए३२० आणि ७३७ च्या हायड्रॉलिकमधलं फॉस्फेट एस्टर तेल जांभळट असतं. डोळ्यात गेलं तर आग होते, म्हणून गॉगल आणि हातमोजे. लँडिंग गिअरच्या शॉक स्ट्रटमधलं तेल वेगळ्या जातीचं. एकाचा डबा दुसरीकडे वापरला तर सील फुगतात किंवा खराब होतात. इंजिन ऑइलची पातळी इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलने दिलेल्या मिनिटांच्या आतच बघायची. उशीर झाला की पातळी कमी दिसते, माणूस जास्त भरतो, आणि पुढच्या उड्डाणात तक्रार येते.

टायर. आत नायट्रोजन, ए३२० च्या मुख्य चाकात साधारण २०० पीएसआय. तापमानात ३ अंशांचा फरक पडला की दाब सुमारे १ टक्का हलतो. मे महिन्यात नागपूरच्या ॲप्रनवर (विमानं उभी करण्याच्या जागेवर) दुपारी ४५ अंशांत नुकत्याच उतरलेल्या विमानाचा टायर जास्त दाब दाखवणारच. म्हणून त्यातली हवा सोडायची नाही. थंड झाल्यावर मोजा. तापलेल्या ब्रेकजवळ जाताना पुढून किंवा मागून जा, चाकाच्या बाजूने नाही. खराब झालेलं चाक काढताना आधी दाब सोडा, मग ॲक्सल नट.

फॅन काउल, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या भागावरचं झाकण. २४ मे २०१३ ला हीथ्रोहून उडालेल्या ए३१९ च्या दोन्ही इंजिनांचे फॅन काउल दरवाजे टेकऑफच्या वेळी निघून गेले. रात्री आयडीजीचं (इंजिनावरच्या जनरेटरचं) तेल तपासायला ते उघडले होते. काम पूर्ण करायला परतलेले तंत्रज्ञ चुकून शेजारच्या विमानापाशी गेले, तिथे दरवाजे बंद दिसले, आणि कोणीतरी लावले असतील असं धरून चालले. ए३२० कुटुंबात या दरवाजांचे लॅच (कड्या) इंजिनाच्या अगदी तळाशी असतात, उभ्या माणसाला दिसत नाहीत. वाकून, टॉर्च लावून, हाताने चाचपून बघायचे. आणि कामावर परत आलात की आधी विमानाचं रजिस्ट्रेशन वाचायचं.

एमईएल. बिघाड दुरुस्त न करता विमान किती दिवस उडू शकतं हे त्यात असतं : बी गटाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२०, ए गटात जे लिहिलं असेल ते. बिघाड सापडला तो दिवस मोजत नाहीत. ५ तारखेला सापडलेला बी गटाचा बिघाड ८ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत. प्रश्न सोपा वाटतो आणि तोंडी परीक्षेत हमखास चुकतो.

ओजेटी आणि कागदपत्रं

ओजेटीत ठरवून दिलेल्या कामांपैकी निम्मी तरी पूर्ण व्हावी लागतात आणि प्रत्येक कामाला मेंटरची सही लागते. सह्या महिनाअखेरीस एकदम घ्यायला गेलात तर मेंटर रजेवर किंवा दुसऱ्या स्टेशनला गेलेला असतो. टास्क नंबर, विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख आणि काय केलं, हे त्याच शिफ्टला लिहा आणि त्याच शिफ्टला सही घ्या. न केलेलं काम लिहू नका. विमानाच्या नोंदींशी तुमची वही ताडून पाहिली की ते उघड होतं आणि लायसन्स जातं.

नावाची भानगड आपल्याकडे फार. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, टीसीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. मॉड्यूलच्या पहिल्या परीक्षेआधीच सगळीकडे एक करून घ्या. टाइप कोर्सचं प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा : विमान, इंजिन, शाखा, थिअरी की प्रॅक्टिकल की दोन्ही, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. इंजिनाच्या नावातली चूक दुरुस्त करायला संस्थेत असताना दहा मिनिटं लागतात, गावी परतल्यावर महिना जातो. रेटिंगचा अर्ज डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर ऑनलाइन करायचा. स्कॅन स्वच्छ ठेवा, मोबाइलवर तिरपा काढलेला फोटो चालत नाही.

रेटिंग चढल्यानंतर कंपनी स्वतःच्या कार्यपद्धतीचं प्रशिक्षण देते, ह्युमन फॅक्टर्सचा (माणसाच्या हातून चुका का होतात याचा) वर्ग घेते, परीक्षा घेते आणि मग ऑथरायझेशन देते. इंजिन ग्राउंड रनसाठी ते बहुधा वेगळं घ्यावं लागतं. ऑथरायझेशन टिकवायला मागच्या २ वर्षांत किमान ६ महिन्यांचा संबंधित देखभालीचा अनुभव दाखवावा लागतो आणि लायसन्सचं नूतनीकरण ५ वर्षांनी येतं. त्यामुळे ओजेटीची वही संपली म्हणून लिहिणं थांबवू नका; तशीच दुसरी वही त्याच दिवशी सुरू करा.